प्राचीची तहान

"गौतमे, तुझ्या पोरीच्या मुताला मुंग्या लागत्यात. डोळं फुटलं का तुझं?"

भागूबाई हे बोलली ते हौदावर, भर भांडणात, राखेनं माखलेलं पातेलं हातात धरून. पदराला हात पुसत, जवळ बसून हळू बोलली असती, तर गौतमीनं कदाचित ऐकलंही असतं.

भांडण पाण्याचं होतं. शिरूर-दौंड रस्त्यावर, न्हावरे गावाच्या पुढं, कालव्याच्या कडेला त्यांची वस्ती. दोघी जावांचे संसार वेगळे, पण अंगण एक आणि हौदही एक. कालव्याला पाणी सुटलं तर विहिरीला पाणी, आणि लाईट असली तर विहिरीचं पाणी हौदात. त्यात थोरल्या जावेचं, म्हणजे भागूबाईचं, गुऱ्हाळ सुरू झालेलं. तिचा नवरा बाळासो पहाटेपासून चुलवाणाच्या जाळापाशी असायचा. गड्यांच्या भाकरी, कालवण, चहा आणि त्या सगळ्याची भांडी भागूबाईच्या बोकांडी. आणि धाकटी गौतमी रोज सकाळी पोरीची गोधडी धुवायला काढायची. हौद निम्मा रिकामा.

"रोज उठून गोधडी! सा वर्साची घोडी झाली आन् अजून हातरुणात मुतती. वाळत टाकलेल्या गोधडीवर बघ मुंग्यांची कशी रांग लागलीया. मोरीत बी तेच."

"गुऱ्हाळाच्या घरात मुंग्या नाही येणार तर काय हत्ती येणार, आक्का?" गौतमी पिळा मारता मारता म्हणाली. "उंबऱ्यापासून काकवी सांडलीय. तुमचे गडी पाय पुसून घरात येतात का कधी? माझ्या पोरीवर कशाला ढकलता?"

"माझं गडी गोधडीत मुतत न्हाईत!"

हौदावर हातपाय धुवायला आलेले दोन गडी फिस्सकन हसले. गौतमीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती शिरूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. सासरी आल्यापासून भागूबाई तिला "आमची कालेजवाली" म्हणायची, आणि त्या शब्दात कौतुक किती आणि टोचणी किती हे गौतमीला कधी कळलं नाही. आज तर पोरीच्या मुताचा उद्धार चारचौघांत झाला. त्या रागात मुंग्यांचं राहूनच गेलं.

तशी गौतमी बेफिकीर आई नव्हती. उलटच. प्राचीला पाणी उकळून गार केलेलं. नखं दर रविवारी. लशीची एकही तारीख चुकलेली नाही. उसाच्या फडाकडे पोरीला एकटी सोडायची नाही, काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या त्या भल्यामोठ्या कढईच्या, आसपास तर मुळीच नाही. पोरगी खोकली तरी ही उठून बसायची. सासू तुळजाबाई म्हणायची, "आमी पाच पोरं रानात वाढीवली, अशी पिल्लागत कुणाला न्हाई राखली." गौतमी हसून सोडून द्यायची. डोळ्यांत तेल घालून बसलेल्या त्या बाईला जे दिसायला हवं होतं तेवढंच दिसलं नाही.

नवनाथ, तिचा नवरा, रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. येताना कँटीनमधला जुना पेपर आणायचा. त्याच्या बायकांच्या पुरवणीत गौतमीनं वाचलं होतं, की मूल अंथरूण ओलं करत असेल तर संध्याकाळनंतर त्याला पाणी देऊ नये. तिला ते पटलं. आपल्याला इलाज सापडला याचं तिला बरंही वाटलं. अंगारे नकोत, धुपारे नकोत, कसं शास्त्राला धरून. दिवस मावळला की तिनं माठ उचलून वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. तांब्या आत. सासूलाही बजावलं, "आत्या, कितीही रडली तरी पाणी द्यायचं नाही. सवय मोडायचीय तिची."

"आगं, पर पोरगी पानी मागती. पान्याला न्हाई म्हनू ने मानसानं."

"दिवसभर पितेच की घागरभर. काही होत नाही."

आणि प्राची खरंच घागरभर प्यायची. शाळेतून आली की दप्तरासकट माठाकडे. बाई सांगायच्या, सारखी लघवीला सुट्टी मागते, वर्गातून पळायला निमित्त काढते. गौतमीनं त्यावरही पोरीला रागावून घेतलं. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला तेव्हा ती नवनाथला म्हणाली, "उंची वाढतेय हो. वाढत्या अंगाची पोरं अशीच दिसतात."

"तरी जरा सुकलीच ती," नवनाथ म्हणाला. "दोन-दोन भाकरी खाती, जातंय कुठं?"

मग सुकलेल्या पोरीला अंग भरावं म्हणून सगळं घर कामाला लागलं. गौतमीनं ग्लुकोजची पावडर आणली, सकाळी पेलाभर ती. दुपारी तुळजाबाई भाकरीवर ताजी काकवी ओतायची, बोट बुडवून पोरीच्या जिभेला लावायची. गुऱ्हाळावर गडी कौतुकानं उसाचा रस द्यायचे, आलं-लिंबू पिळून. सगळ्यांनी आपापल्या परीनं माया केली. आणि सगळ्यांच्या मायेनं पोरगी आणखीच तहानेली झाली.

एके संध्याकाळी म्हशीची धार काढायला गौतमी गोठ्यात गेली. अंधारून आलेलं. डोणीपाशी काहीतरी हललं. कुत्रं असेल म्हणून तिनं "हाड" केलं. कुत्रं नव्हतं. प्राची होती. दगडी डोणीवर पोट टाकून, दोन्ही हात मागं धरून, म्हशीनं तोंड घातलेलं हिरवट पाणी ती लपालपा पीत होती. शेजारी म्हैस उभी होती आणि तिच्याकडे बघत होती.

गौतमीनं तिला खांद्याला धरून ओढलं आणि एक ठेवून दिली.

"घाण! जनावराचं पाणी पितेस? लाज नाही वाटत?"

प्राची रडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं नाही. जिभेनं ओठ चाटत ती एवढंच म्हणाली, "आई, माझं तोंड चिकटलंय आतनं."

"तोंडबिंड काही चिकटत नाही. चल घरात."

चार दिवसांनी, पहाटेचं दळण सुपात घेतलं होतं तेव्हा, प्राचीला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून ती वाकडी झाली. आधी वाटलं, अरबट-चरबट काहीतरी खाल्लं असेल. उन्हं वर आली तशी पोरगी गप होत गेली. हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची. आणि तिचा श्वास! लोहाराच्या भात्यासारखा, खोल, जोरात, छाती वर-खाली. उलटी पुसायला गौतमी तिच्या तोंडाजवळ वाकली, तर जास्त पिकलेल्या पेरूसारखा वास आला. उपाशी पोरीच्या तोंडाला फळाचा वास कशाचा?

"आक्काऽ!"

भांडणानंतर बोलणं बंद होतं दोघींचं. पण त्या हाकेला भागूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. पोरीकडे एकदा बघितलं आणि अंगणात जाऊन ओरडली, "आवं, टेम्पो काढा! गुळाच्या ढेपा ऱ्हाऊ द्या तशाच वर, उतरवत बसू नगा. शिरूरला चला!"

नवनाथ फर्स्ट शिफ्टला गेलेला. बाळासोनं टेम्पो असा हाकला, की मागच्या ढेपा एकमेकींवर आपटायला लागल्या. पुढच्या केबिनीत दोघी जावा आणि मधे पोरगी, डोकं भागूबाईच्या मांडीवर. न्हावरे गेलं, पुढचं गाव गेलं. भागूबाईनं प्राचीच्या वाळलेल्या ओठांवर बोटानं पाणी लावलं, तसे ओठ ते बोट शोधायला लागले. गौतमीनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

शिरूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयस्कर होती, आवाज चढवून न बोलणारी. तिनं पोरीचा श्वास ऐकला, तोंडाचा वास घेतला आणि नर्सला आधी लघवी तपासायला सांगितली. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब. नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग भाजलेल्या विटेसारखं लाल. गौतमी बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तरी सगळं कळत होतं.

"पाणी फार पीत होती का?" डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावता लावता विचारलं.

गौतमीनं भागूबाईकडे बघितलं.

"लई पिती जी," भागूबाईच पुढं झाली. "लई."

"रात्रीसुद्धा?"

"व्हय जी. रातचं बी."

"नाही," गौतमी म्हणाली. "रात्री मी देत नव्हते. माठ वर ठेवायचे."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हा मधुमेह आहे, लहान मुलांना होतो तो," त्या म्हणाल्या. "हिच्या शरीरात इन्सुलिन तयार व्हायचं थांबलंय. त्याच्यावाचून खाल्लेलं अंगी लागत नाही. साखर रक्तात साठते, मग लघवीतनं जाते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून तहान, म्हणून अंथरूण ओलं, म्हणून वाळणं."

"आमचं गुऱ्हाळ हाय जी," भागूबाई चाचरत म्हणाली. "गोड लई खाल्लं तिनं. त्यानंच झालं आसंल न्हवं?"

"नाही हो. गोड खाऊन हा आजार होत नाही. झाल्यावर गोडानं त्रास वाढतो, ते वेगळं. कुणाच्या चुकीनं होत नाही, आणि होऊ नये म्हणून करण्यासारखंही काही नव्हतं तुमच्या हातात." सलाईनकडे बघत त्या पुढं म्हणाल्या, "इथवर यायचं मात्र वाचवता आलं असतं. तहान वाढली तेव्हाच एकदा लघवी तपासली असती, तर पोरगी चालत आली असती माझ्याकडे."

इन्सुलिन टोचून त्यांनी गाडी बोलावली आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथं काचेच्या दारापलीकडे प्राची पडून होती आणि अलीकडे बाकड्यावर दोघी जावा. नवनाथ कंपनीच्या कपड्यातच येऊन औषधं आणायला खाली-वर करत होता. तो जिना उतरला तशी भागूबाई बोलली.

"मला ठावं हुतं गं."

"काय?"

"मुंग्यांचं. माझ्या म्हायेरात एक म्हातारा हुता साकरंचा. त्याच्या मुताला अशाच लागायच्या. पोराला बी आसं हुतं, हे न्हवतं ठावं. पर मनात आलं हुतं माझ्या. आलं हुतं." तिनं पदर तोंडाला लावला. "आन् मी काय केलं? सांगायचं सोडून तुला हिणवलं. गडी हासलं तर मला बरं वाटलं, गौतमे. देवाशपथ, बरं वाटलं."

गौतमीला वाटलं, हिच्यावर ओरडावं. ओरडण्याजोगं होतंच ते. पण डोळ्यांपुढं डोण आली, आणि पोरीच्या गालावर उठलेली आपली बोटं आली.

"आक्का, तुम्ही निदान बोललात," ती म्हणाली. "मी तर तिचं पाणी तोडलं."

भागूबाईनं गौतमीचा हात धरला तो नर्स बाहेर येईपर्यंत सोडला नाही. नर्स म्हणाली, "डोळे उघडलेत. आई कोण? पाणी मागतेय."

प्राची घरी आली तेव्हा गुऱ्हाळाची चूल विझली होती. अंगणात बायका जमल्या. कुणी म्हणालं, गुळवाल्याच्या पोरीला साखर, काय तरी आक्रीत! कुणी म्हणालं, पोरीची जात, पुढं लग्नाला अडचण, बाहेर बोलू नका. तुळजाबाईनं सुई बघितली आणि भिंतीकडे तोंड केलं. "रोज टोचून चाळणी करशील लेकराची. त्यापरीस पाबळच्या बाजूला एक जन मुळी देतो म्हनं, साकर उपटून काढतो."

"आत्या, मुळी बिळी काही नाही. सुई एक दिवस चुकली तर परत तसंच होईल. परत भाता."

भाता हा शब्द ऐकून म्हातारीनं भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं. तिनंही ऐकला होता तो श्वास. दुसऱ्या दिवशी तीच भागूबाईला म्हणत होती, "इंजेक्शन झाल्याबिगर पोरीला भाकरी दिऊ नगंस. आन् टोचल्यावर खायाला उशीर करू नगंस." लाईटीचा भरवसा नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली पाणी न लागेल अशी बांधून मातीच्या भिजत्या मडक्यात ठेवायची. त्या मडक्यावर ओलं फडकं टाकायचं काम म्हातारीनं आपणहून घेतलं.

गोधडी आता कोरडी असायची. प्राचीच्या गालावर मांस चढलं. सुई टोचताना ती डोळे मिटायची आणि आकडे म्हणायची. सगळं रांगेला लागत होतं.

एक गोष्ट मात्र लागत नव्हती. माठ कधीच खाली आला होता, तांब्या त्याच्यावर होता. दिवेलागणीला प्राची माठापाशी जायची, उभी राहायची आणि मागं वळून विचारायची, "आई, पानी पिऊ?"

"पी गं. विचारू नकोस. तुला हवं तेवढं पी."

"मारनार न्हाईस?"

दुसऱ्या दिवशी परत तेच. "आई, पानी पिऊ?" प्रत्येक वेळी गौतमी "पी" म्हणायची आणि चुलीकडे तोंड करून उभी राहायची. पोरगी विसरेल, पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते. आई विसरेल असं कुणी म्हणालं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ती इन्सुलिन आणायला शिरूरला गेली. बाटल्या थर्मासात, भोवती बर्फ. परतीची दौंडची एस.टी. खच्चून भरलेली. शेजारी एक बाई बसली, मांडीवर सहा-सात वर्षांची पोरगी. पुढचे दोन दात पडलेले, केसांना हिरवी रिबीन, हाताच्या काड्या. पोरीनं गौतमीची पाण्याची बाटली बघितली.

"मावशी, पानी?"

गौतमीनं दिली. पोरीनं बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली घेतली. मग आईच्या पिशवीतली बाटली मागायला लागली.

"बास की आता, हडळ!" आईनं तिच्या हातावर चापट मारली. गौतमीकडे बघून कसनुशी हसली. "काय सांगू ताई, सारखं पानी, सारखं पानी. आन् हातरूण मातुर रोज वलं. रोज मार खाती, तरी सुदरत न्हाई."



"ताई, हिची लघवी तपासून घ्या," ती एकदम म्हणाली. घाईत आवाज मोठा निघाला. "साखर असेल. माझ्या पोरीला आहे. मधुमेह असू शकतो हिला."

पुढचे दोन-तीन जण वळून बघायला लागले. त्या बाईनं पोरीला छातीशी ओढलं.

"आमच्या पोरीला काय बी रोग न्हाई. तोंड सांभाळून बोला. काय ओळख ना पाळख!"

"तसं नाही हो, मी..."

"शिकल्याली दिसता. शिकल्याल्या बायांस्नी सगळीकडं रोगच दिसतोय."

कुणीतरी हसलं. तेच हसू, फिस्सकन. न्हावरे ओलांडल्यावर, कालव्याच्या पुलाजवळच्या फाट्याला ती बाई तरातरा उतरली. पोरगी खालून गौतमीच्या खिडकीकडे बघत होती, जिभेनं ओठ चाटत.

गौतमी अर्धवट उठली.

"उतरायचंय का, बाई?" कंडक्टर म्हणाला. "नसंल तर घंटी मारतो."

उतरावं. पाय धरावेत. पण बाई परत ओरडली तर? आणि थर्मासातला बर्फ वितळला तर? प्राचीची संध्याकाळची सुई...

"मारा," ती म्हणाली आणि खाली बसली.

घरी येऊन तिनं थर्मास उघडला. बर्फाचे खडे जसेच्या तसे, खडखड वाजत होते. अजून तासभर सहज टिकले असते.

दुसऱ्या दिवशी ती भागूबाईला घेऊन त्या फाट्यावर गेली. दोघींनी वस्त्या पालथ्या घातल्या. "हिरव्या रिबिनीची, दात पडल्याली पोरगी बघितली का वं?" कांदा काढायला आलेल्या टोळीतली असेल, असं एक म्हातारा म्हणाला. टोळी कालच उठली, दौंडकडं गेली की केडगावला, त्याला माहीत नव्हतं. भागूबाईनं पुलावर उभं राहून चारी दिशांना बघितलं, जणू हाक मारायला नाव आठवत होती. नाव तर गौतमीनं विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून गौतमी कुठंही गेली, बाजारात, लग्नात, शाळेच्या पटांगणात, की विचारत असते. लोक तिला हसतात. कुणी मागं "मुतरी मावशी" म्हणतं. ती ऐकते आणि पुढच्याला विचारते.

तुम्हालाही विचारायचंय तिला. दौंडकडे, केडगावकडे, चौफुल्याला, कुठल्या टोळीत, कुठल्या पालावर, एखादी पोरगी सारखं पाणी मागताना दिसली का? रोज अंथरूण ओलं करते, भरपूर खाऊनही वाळत चाललीय, आई वैतागून मारते, अशी? हिरवी रिबीन नसली तरी चालेल. पोरगी नसून पोरगा असला तरी चालेल. तिच्या आईला आवाज न चढवता, बाजूला घेऊन सांगा. ती शिव्या देईल. देऊ द्या. लघवी तपासायला दवाखान्यापर्यंत सोबत जा, आणि आजच जा. आणि जायच्या आधी तिला पोटभर पाणी प्यायला द्या.